चुलीपाशी इंजिनाचं तेल

पातळ

विमान उतरलं की इंजिन गार व्हायच्या आत मेकॅनिक प्रोकोपी त्यातलं तेल दोन डब्यांत काढतो. धावपट्टीलगत पहिलं घर मात्र्योनाचं, म्हणून डबे रात्रभर तिच्या चुलीपाशी; बाहेर तेल गोठतं. सकाळी ते ऊन तेल परत ओतलं की आन-दोन जातीचं ते छोटं विमान उडतं.

या खेपेला डब्यांबरोबर मात्र्योनाची धाकटी बहीणही आली. आय्ता. चार वर्षांनी, एका मुक्कामापुरती. पुढचं विमान महिन्याने.

आई याकूत्स्कला आय्ताकडे वारली तेव्हा इथे उणे छप्पन्न अंश होतं. नऊ दिवस विमान नाही, मात्र्योनाला जाताच आलं नाही. आई शेवटी काय बोलली, एवढंच मात्र्योनाला विचारायचं होतं. पण काल सगळं गाव आय्ताला बघायला लोटलं. चहा संपेना, माणसं हलेनात.

म्हणून

झुंजूमुंजू होताना मात्र्योनाने दोन्ही डबे ओढत नेऊन बाहेर बर्फात ठेवले. उणे अठ्ठेचाळीस. प्रोकोपी यायच्या आत परत चुलीपाशी आणले.

घट्ट

प्रोकोपीने डबा उपडा केला. थेंब पडेना.

"मात्र्योनाताई, तेलाचं डांबर केलंत की!"

"चूल विझली होती रे."

"ही? लालबुंद झालीय."

"आत्ता पेटवली."

"मग बसतो इथंच. तुमचा काही भरवसा नाही."

बसला की! चुलीला पाठ लावून, गोठलेल्या माशाचे काप मिठात बुडवून खात, सासूच्या कागाळ्या सांगत. हिवाळ्यातला दिवस तो केवढासा! डब्यांतलं तेल वितळेतो उजेड सरणार आणि अंधारात उड्डाण नाही. मात्र्योनाने चोरलेला अख्खा दिवस तो एकटा खात बसला होता. बहिणी समोरासमोर, मध्ये प्रोकोपी.

साईसारखं

"तर सासू म्हणते..."

"आय्ता, आई काय म्हणाली गं शेवटी?"

प्रोकोपीचा घास हातातच राहिला.

आय्ताने कप खाली ठेवला. "वेगळं काही नाही, ताई. रोज सकाळी एकच. आज तिकडून विमान उडतंय का?"

"तू काय सांगायचीस?"

"उडतंय म्हणायचे. मग ती केस विंचरून घ्यायची, तू येणार म्हणून."

मात्र्योनाने डब्यात बोट बुडवलं. चुलीत एक लाकूड सारलं. मग दुसरं. मग तिसरं.

"अहो, पुरे," प्रोकोपी हळूच म्हणाला. "आता उद्याच उडायचंय."

तिचा हात काही थांबेना.