बोटांचा अंदाज

दादाने लेथ हाती घेतला तो वडील गेले त्या वर्षी, आणि तेव्हापासून त्याच्या कामाला नावं ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. माल मोजून पुढे धाडायचं काम धाकटीचं, म्हणजे त्याच्या बहिणीचं. पुढच्या खोलीत लेथ, मागच्या थंड खोलीत तिचा जाडी मोजायचा मायक्रोमीटर, आणि भांडणं मधल्या दारात.

यंदाचं भांडण एका पिनेवरून होतं. रोग्याला थेंबाथेंबाने औषध सोडणाऱ्या पंपात बसणारी, करंगळीच्या पेराएवढी पिन. केसभर बारीक झाली की औषध गळणार, आणि पलीकडे कुणाचा तरी जीव. पंपवाले म्हणाले, लेथवर कातून द्या, नाहीतर धातूची भुकटी साच्यात दाबून, भट्टीत भाजून आणा. कसं ते तुम्ही ठरवा, जबाबदारी तुमची. आता भट्टी होती दुसऱ्याच्या कारखान्यात. ते ठरलं, तर या दोघांकडे उरणार नुसतं मोजणं आणि खोक्यात भरणं. लेथला दुसरं काम नव्हतं; तो बंद.

"भुकटी दाबून? औषधाच्या गोळ्या आहेत का त्या?" दादा खेकसला. "आणि भट्टीत आकसतात मेल्या. आकसणाऱ्या वस्तूचा काय भरवसा?"

"किती आकसणार ते आधीच धरून साचा करतात रे."

"हं, तू शिकव आता मला!"

धाकटीला हसू आलं. मनातून तिलाही लेथच हवा होता. तो गेला तर हा माणूस सकाळी उठून करणार काय? दोन्हीकडचे नमुने मोजू, म्हणाली. दादाचेच सरस ठरणार याची तिला खात्री होती.

दादाने संध्याकाळी नमुने कातले आणि तिच्यादेखत लेथवरच मोजून दाखवले. ऊब धरून एकूण एक अचूक! सकाळी मागच्या खोलीत तिने ते पुन्हा मोजले. सगळेच बारीक. मायक्रोमीटर पुसून मोजले, तरी तेच. भट्टीतले मात्र अगदी मापात.

कातताना धातू तापून फुगतो, गार झाला की आकसतो, हे काय दादाला सांगायला हवं? बाकीचे कारागीर पिन गार व्हायची वाट बघतात. दादा कधी थांबला नाही. तापलेली पिन चिमटीत धरायची, ऊब ओळखायची आणि तेवढी जाडी जास्त ठेवायची, हीच तर त्याची ऐट. मग आता काय बिनसलं?

ती पुढे आली. दादा नुकतीच कातलेली पिन चिमटीत धरून उभा होता, आणि वर खुशाल शीळ घालत होता. तिने पिन घेतली आणि चटका बसून टाकूनच दिली. मग तिचं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. टोकांवर फोड, एक तर फुटलेला. साखरेचा आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी, पाय बधिर होतात म्हणून, पायांना जपायला सांगितलं होतं. हातांचा विचारच कुणी केला नाही.

गार करून मोजत जा, एवढं सांगून भागलं असतं तर किती बरं झालं असतं! पण ज्याला चटका कळत नाही, त्याला फिरत्या लेथशी उभं कसं करायचं?

"दादा, भट्टीच ठरली," ती म्हणाली. "पंपवाल्यांना घाई आहे. तुझ्या पिना छानच होत्या."

दादाची शीळ थांबली. त्याने लेथ बंद केला आणि तो पुरता थांबेपर्यंत बघत राहिला.

"खोटं बोलता येत नाही तुला," तो म्हणाला. "बारीक भरल्या ना? मला वाटलं, अंदाजाने निभावून नेईन."

तिला रडू फुटलं. तिने त्याचा हात हातात घेतला. "दुखतंय का रे फार?"

"दुखलं असतं तर काय हवं होतं गं!"

तिने त्याची बोटं घट्ट दाबून धरली. दादा खाली तिच्या हाताकडे बघत होता. बघितल्याशिवाय त्याला ते कळणार नव्हतं.