डोंग्यातली जागा

आमच्या डोंग्यात दोनच माणसं बसतात, त्याहून जास्त वजन त्याला पेलत नाही. मागे वल्हं मारणारा माझा नवरा टिकाराम, आणि पुढे जाळं ओढणारी मी, गंगा. लग्न होऊन आले तेव्हापासून पुढची जागा माझी. घरात सासूचं राज्य असायचं, पाण्यात माझं.

मग धरणावरच्या मच्छीमार सोसायटीला कुठल्याशा योजनेतून मासे शोधायचं यंत्र मिळालं. सोसायटीचा अध्यक्ष भूपेंद्र. त्याचं हिंगणीत कापडाचं दुकान, आणि मासा त्यानं पाहिला असेल तर रश्श्यात. त्यानं ते यंत्र आमच्या घरच्या शहाण्याच्या गळ्यात मारलं, कारण सभेत सगळ्यात जोरात मान हाच डोलवत होता.

यंत्र म्हणजे एक छोटा टीव्ही, पाण्यात सोडायला वायरीला टांगलेला गोळा, आणि हे सगळं चालवायला ट्रॅक्टरची बॅटरी. टिकारामनं बॅटरी उचलली आणि सरळ माझ्या जागेवर ठेवली.

"आन मी कुठी बसू जी?"

"तू घरीच राहजो. आता अंदाजाचं काम नाई. आपण कुठी हावो, ते वरून उपग्रह सांगते."

"धरणात हावो. आनखी कुठी असू, रामटेकले?"

तो डोंगा घेऊन निघून गेला. मी काठावर उभी. खोटं कशाला बोलू, रडूच आलं. सवत परवडली असती, तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. बॅटरीचं काय उपटणार?

पहिल्याच दिवशी त्याला पडद्यावर मासेच मासे दिसले. जाळं टाकायच्या आतच सांज झाली, म्हणून त्यानं यंत्रात त्या जागेची खूण करून ठेवली. दुसऱ्या दिवशी उपग्रहाला विचारत विचारत बरोब्बर तिथंच गेला. जाळ्यात बोटभर मासा लागला.

"मासे काय तिथचा सातबारा काढून बसले हायेत?" मी विचारलं.

"बॅटरी उतरली असन," तो म्हणाला.

बॅटरी उतरली की मासे का पळतात, ते काही त्यानं सांगितलं नाही. भारनियमनाचे दिवस होते. वीज येईपर्यंत हा हिंगणीला बॅटरी चार्ज करायच्या दुकानात तिच्याजवळ बसून राहायचा. मला ताप आला तेव्हा माझ्या उशाशी इतका बसला नव्हता.

एक दिवस भूपेंद्र वर्ध्याहून पाहुणे घेऊन आला, यंत्र दाखवायला. टिकारामनं सगळ्यांदेखत धरणात डोंगा घातला, पडदा पाहून जाळं टाकलं. यंत्र खोटं नव्हतं, तेवढं कबूल करते. जाळं गच्च भरलं. पण एका हातात वल्हं आणि एका हातात जाळं, त्यात वारा सुटलेला. डोंगा जागच्या जागी गरगर फिरायला लागला. शेवटी जाळं पाण्यातच सोडून तो काठाला आला, घामाघूम.

"गंगे, चाल लवकर! जाळं भरलं हाये, मले एकट्याले वढत नाई. बॅटरी काढतो बाह्यर."

"बॅटरी काऊन काढतं?" भूपेंद्र खेकसला. "पाव्हणे काय तुह्यी बायको पाह्याले आले?"

टिकारामनं एकदा बॅटरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी तिसरीकडेच पाहिलं. माझी नणंद दामिनी काठावर मासे निवडत बसली होती. तिला हाक मारली, आणि टिकारामच्या हातातून वल्हं काढून तिच्या हातात दिलं.

"बॅटरी राहू द्या," मी म्हणाले. "तुमीच उतरा. तुमच्या एकट्याच्या वजनात आमी दोघी बसतो."

पाहुणे खो खो हसले. टिकाराम उतरला. मी पुढं जाऊन बसले, बॅटरी पायाशी घेतली आणि दामिनीनं डोंगा लोटला.

तो गुडघाभर पाण्यात आमच्या मागं आला. "गंगे, उद्या मी येऊ ना वं?"

"पाहू," मी म्हणाले. "मी, दामिनी आन बॅटरी बसून जागा उरली तर."