कोरडी होडी

आईला होडीत बसवल्यावर मी तिच्या लाइफ जॅकेटचा पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला.

"अगं, श्वास तरी घेऊ दे," ती म्हणाली. "बुडायच्या आधी गुदमरून मरायची मी."

दादा धक्क्यावर हाताची घडी घालून उभा होता. बाबा गेल्यावर होडी विकून टाकायची हे त्याने परस्पर ठरवलं होतं, गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं होतं, आणि तो माणूस आज दुपारी बघायला येणार होता. आईने एवढंच म्हटलं होतं, "मला एकदा फिरवून आणा. मग सांगते." दादाला शीड चढवता येत नाही. म्हणून मी.

मला होडी ठेवायची होती. बाबांचे कपडे देताना, चष्मा देताना माझा हात अडला नव्हता. होडीपाशी अडला. त्यांच्या आजारपणात ती शेडमध्ये उलटी पडून होती. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन ती घासली, रंगवली, ताडपत्रीखाली ठणठणीत कोरडी ठेवली. पाण्याचा थेंब लागू दिला नाही.

"रंग झकास दिलायस," दादा म्हणाला. "गिऱ्हाईक खूश होईल."

"ढकल आता."

धक्क्यापाशीच तळाला थोडं पाणी दिसलं. चपलांचं असेल, मी मनाशी म्हटलं. वारा मंद होता. बाबा बसायचे तिथे मी बसले, सुकाणूचा दांडा त्यांच्यासारखाच काखेत धरून. आई माझ्याकडे पाठ करून समोर बघत होती. मान ताठ होती; ती खूश आहे की घाबरलीय, हे मला कळेना.

तलावाच्या मध्यावर वारा एकदम भरला. शीड फुगलं, होडी एका कुशीवर कलली, आणि मी दिलेल्या रंगाखालून, फळी आणि फळीच्या सांध्यांतून, पाण्याचे बारीक धागे आत उतरू लागले. आधी एक-दोन. मग सगळ्या लांबीभर.

मी मागे वळून पाहिलं. दादा बोटाएवढा दिसत होता. आईला पोहता येत नाही. तिचे गुडघे वाकत नाहीत. होडी उलटली तर आई शिडाखाली सापडेल, मला आधी शीड उचलावं लागेल की तिला ओढावं लागेल? दोन्ही हात माझेच.

"आई, पाय जरा वर घे. तळाला ओल आहे."

"ओल? माझे मोजे भिजले." तिने खाली पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे. "तू हिला बुडवून ठेवली होतीस ना?"

"काय?"

"धक्क्यापाशी, उथळ पाण्यात. इतके दिवस कोरडी राहिली की फळ्या आकसतात ना! दगड घालून बुडवायची, म्हणजे पाणी पिऊन फुगतात, फटी मिटतात. तुझे बाबा दर हंगामाला असंच करायचे. तू आणि दादा तर त्यात बसलेले असायचात!"

बसलेले असायचो. काठोकाठ भरलेल्या होडीत, छातीएवढ्या पाण्यात, जाणारे-येणारे आम्हाला हसत असताना. बाबा ओरडायचे, "ती पाणी पितेय, तुम्ही पिऊ नका!"

"मला वाटलं, तो खेळ होता."

"खेळ तुमचा. काम त्यांचं." तिने बसायच्या फळीखाली हात घातला आणि कापलेला प्लास्टिकचा डबा बाहेर काढला. रंगवून झाल्यावर मीच तो परत तिथे खोचला होता; कशासाठी असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. "शीड सैल सोड. कलू देऊ नकोस, कलली की जास्त पिते."

मी दोर सोडला. होडी सरळ झाली, धागे बारीक झाले, पण वेगही गेला. काठ तिथेच होता, हलतच नव्हता. आई पाणी उपसत होती. वाकून, भरून, खांद्यावरून मागे. बरंचसं माझ्या तोंडावर येत होतं.

"दांडा किती आवळून धरलायस! घाबरलीस की हात घट्ट होतो तुझा. ह्यांच्यासारखा."

"बाबा घाबरायचे?"

"दर वेळी. म्हणून तर मला आणायचे. आणि वर लोकांना सांगायचे, हिला हवा खायला आवडते."

मी हात सैल केला. होडी थोडी वळली, वारा शिडात अलगद बसला. पाणी घोट्याच्या वर आलं होतं. आईचा डबा थांबला नव्हता, फक्त आता ती डब्यागणिक कण्हत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि दादाकडे नेम धरला. तो मोठा होत गेला, मग ओरडू लागला, मग कडक इस्त्रीच्या पँटसकट पाण्यात उतरला.

त्याने होडीचा काठ धरला तेव्हा तिच्यात जवळजवळ गुडघाभर पाणी होतं. तलावाचं पाणी इथे दादाच्या कमरेएवढंच होतं, आम्ही सहज उतरून उभ्या राहिलो असतो, तरी आई उठेना.

"आई, उतर आधी! तुला काही कळतं का गं?" हे शेवटचं मला. तेवढ्यात त्याच्या शर्टाच्या खिशातला फोन वाजला. "गिऱ्हाईक निघालंय. आता ह्याला काय सांगू?"

"सांग, बुडाली," आई म्हणाली. "आणि ते धक्क्याखालचे दगड दे इकडे."

तिने डबा उलटा धरला आणि तलावातलं पाणी होडीत ओतलं. मीही माझ्या बाजूचा काठ खाली दाबला. पाणी थंडगार होतं. ते आमच्या मांड्यांवर चढलं, कमरेला लागलं, आणि होडी सावकाश तळाला टेकली.

"हो, बुडाली," दादा फोनवर सांगत होता. "नाही, आत्ताच. माझ्यासमोर... नाही हो, कोणी वाचवत नाहीये."