शेवटच्या कुपीची नोंद

"काका, पट्टी नाहीये," मैत्रेयी म्हणाली. संगणकावरच्या फोटोत जिथे एन्झाइमची काळी पट्टी हवी होती तिथे स्वच्छ पांढरं होतं. "पंधरा मिनिटांत सगळं एन्झाइम गायब. यार, हे अजून कुणीच पाहिलेलं नाही."

काकांनी, म्हणजे पद्माकर दिघे यांनीही नव्हतं पाहिलं. फरीदाबादच्या या संशोधन संस्थेत त्यांनी एकतीस वर्षं पेशी वाढवल्या होत्या. शोध लागणं हा प्रकार त्यांच्या मजल्यापर्यंत कधी आला नव्हता.

मैत्रेयी प्रोटीन कायनेज सी नावाच्या एन्झाइमांच्या घराण्यामागे होती. एरवी हे घराणं पेशीत स्वस्थ बसून असतं. पेशीच्या आवरणातला ठरावीक स्निग्ध पदार्थ मिळाला, की खडबडून उठतं आणि वाढायचं की मरायचं, असले निरोप पुढे धाडतं. त्या पदार्थाची नक्कल करणारं औषध पंधरा मिनिटं घातलं तर घराणं कामाला लागतं. दिवसभर ठेवलं, तर पेशीच या सतत राबणाऱ्यांना मोडीत काढते. काकांना यात नवल वाटत नसे.

मंगळवारी दहाला त्यांनी पेशींना औषध घातलं; सव्वादहाला ते धुऊन काढायचं होतं. या पेशींची कुपी शेवटची होती. ज्या रुग्णाच्या या पेशी, तो आता नव्हता. मैत्रेयी दिल्लीला बैठकीत. तेवढ्यात प्रशासनाचे दिनकरराव बोलवायला आले: तुमचा निरोप समारंभ, पाच मिनिटं बसा, बस्स. प्रमुख पाहुणे बदरपूरला वाहतुकीत अडकले होते, ते दोनला उगवले. तोवर रिकाम्या खुर्चीशेजारून सत्कारमूर्तीनेच उठणं बरं दिसलं नसतं. आणि कुणाला वर पाठवावं, तर एकतीस वर्षांत त्यांनी आपल्या पेशींना दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. मग भाषणं, शाल, जेवण, फोटो. संचालकांनी त्यांच्या वक्तशीरपणावर हिंदीत वीस मिनिटं घेतली. काका वर पोचले तेव्हा पाच वाजले होते. पुढचं सगळं त्यांनी बिनचूक केलं. फक्त वहीत वेळेची जागा कोरी ठेवली.

आज शुक्रवार, काकांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. मैत्रेयी बोलतच होती. उद्या समितीपुढे हा फोटो ठेवला की बंद पडणारा प्रकल्प तीन वर्षं वाढणार, पाचही जणांच्या नोकऱ्या राहणार. "तुम्हालाही कंत्राटावर ठेवून घेते, काका. बिल्कुल."

"मॅडम, पंधरा मिनिटं नव्हेत. सात तास."

ती आधी हसली. मग तिने वही ओढून पाहिली.

"कुणाला माहितीये हे?"

"मला."

"म्हणजे कुणालाच नाही," ती हळूच म्हणाली, आणि वही तशीच उघडी त्यांच्यासमोर सरकवली.

काकांनी पेन काढलं. दहा ते पाच असं लिहिलं, खाली पूर्ण सही केली, तारीख घातली. मैत्रेयीने फोटो बंद केला. मग ती बाकीच्यांना सांगायला खाली गेली.

काकांनी पेशींची उबदार पेटी रिकामी केली, फळ्या पुसल्या, बटण बंद केलं. दारावरचा तापमानाचा आकडा सदतीस होता, तो छत्तीस झाला. त्यांनी आतल्या फळीवर तळहात टेकला. ऊब होती अजून. ती जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले.