ताट वेळेवर पडलं

चित्रातल्या कुटुंबात कोणी दार आपटलं, जिना उतरलं, भांडं पाडलं, की तो आवाज त्याच्या हातचा असे. कार्टूनची ती मालिका सुरू झाली तेव्हा तो तरुण होता. चित्रातला बाप तेव्हाही टकला होता आणि अजून तेवढाच टकला आहे. त्याची पोरं अजून त्याच वर्गात आहेत. म्हातारा झाला तो फक्त आवाज काढणारा.

आणि त्याची बायको गेली. चित्रातल्या आईचा आवाज तिचा होता. ती गेली त्या आठवड्यातही भाग वेळेवर लागला, लेकीच्या आवाजात. पोर आईचाच गळा घेऊन जन्मलेली, बघणाऱ्यांना फरक कळला नाही. त्याला मात्र तेव्हापासून लेकीनं घरात मोठ्यानं बोललेलं खपत नसे.

आता चॅनेलला सुरुवातीचे भाग नव्यानं दाखवायचे होते. चित्रं उजळून झाली, पण जुन्या आवाजात खरखर फार. त्या काळी माईक एकच. ती बोलायची आणि हा शेजारी बसून भांडी वाजवायचा. तिचा आवाज पुसायचा तर त्याचेही आवाज जाणार, म्हणून दोन्ही पुन्हा करायचे ठरले.

"काका, आज वाढदिवसाचा भाग," दिग्दर्शक म्हणाला. मालिका सुरू झाली तेव्हा हा बाटलीनं दूध पीत असेल.

त्या भागात बाप बायकोचा वाढदिवस विसरतो आणि तिला खूश करायला भांडी घासायला उभा राहतो. आईनं त्याला मनसोक्त झापायचं आणि तिचं संपलं की ताट पडायचं, असं लिहिलेलं. पण मूळ रेकॉर्डिंगच्या वेळी यानं घाई केली. ती अर्ध्या वाक्यात आणि ताट खाली. चित्रातली आई राहिली बाजूला, ती खऱ्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, थांबा की! माझं व्हायचंय अजून."

सगळे हसले. पुन्हा करायला वेळ नव्हता. चित्रातल्या आईचं तोंड तेवढं जास्त हलवलं आणि भाग तसाच गेला. मग ते वाक्य गल्लीतल्या पोरासोरांच्या तोंडी बसलं. घरी तर ती आधीपासूनच म्हणायची. हा पडला घाईचा माणूस. ती स्वयंपाकघरात असतानाच दिवा घालवायचा, की आलंच ते वाक्य.

"तेवढं वाक्य तिचंच ठेवा," तो दिग्दर्शकाला म्हणाला होता.

"काका, बाकी सगळं स्वच्छ आणि मध्येच तेवढं विहिरीतून आल्यासारखं येईल."

"येऊ दे की विहिरीतून."

"चॅनेल ऐकत नाही हो."

म्हणून तो आज पोचा आलेलं तेच जुनं ताट घेऊन बसला होता. शेजारी लेक.

"बाबा, ताट आधी पाडायचं हं. आईच्या वेळी पाडलंत तसं."

"मला नको शिकवू."

लाल दिवा लागला. लेकीनं सुरुवात केली, "माझा वाढदिवस लक्षात राहत नाही, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा बरा राहतो! त्याला हार घालून आलात, आणि मी इथं..."

त्यानं डोळे मिटले. तीच. अगदी तीच. ताट सोडायची जागा आली आणि गेली. बोटं सुटली नाहीत. लेकीचं झापून पूर्ण झालं, मग ताट पडलं.

"काका, उशीर झाला."

पुन्हा केलं. पुन्हा ताट लिहिलेल्या जागी पडलं. मग आणखी एकदा.

"काका, इतकी वर्षं बिनचूक केलंत. आता एकदा चुका ना!"

लेकीनं कानावरचे हेडफोन काढले. "ते मुद्दाम करतायत."

"मी बरोबर करतोय. लिहिलंय तसं."

"माझ्या तोंडून नकोय ना तुम्हाला ते?"

तो फडक्यानं ताट पुसत बसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "बाकी सगळं घेतलंस की. गळा घेतलास, खुर्ची घेतलीस. एवढं एक राहू दे."

"मी घेतलं? तिनं बसवलं मला या खुर्चीत, तिला बसवत नव्हतं तेव्हा. तुम्ही बाहेर चहा पीत होतात." तिचा आवाज चिरकला. "माझी कोणी नव्हती का ती?"

दिग्दर्शकानं घड्याळाकडे पाहिलं. "जाऊ द्या. वाक्यच काढून टाकू. ताट वेळेवर पडलं तरी मजा येतेच आहे."

झालं. बटणं दाबून चित्रातल्या आईचं जास्तीचं तोंड हलणं कापलं. चहा गार होईपर्यंत काम उरकलं. त्याच्या मनासारखं झालं होतं. आता ते कोणीच म्हणणार नव्हतं.

बापलेक घरी आले. जेवण झाल्यावर लेक भांडी घासायला उभी राहिली. त्यानं हात पुसले आणि जाता जाता सवयीनं दिव्याचं बटण दाबलं. अंधार झाला. मग त्याच्या लक्षात आलं. नळ चालू होता, ती आत होती.

त्यानं बटणावरचं बोट काढलं नाही. तो तिथंच कान देऊन उभा राहिला.

लेकीनं नळ बारीक केला. उरलेली भांडी तिनं अंधारात चाचपून घासली, एकेक करून पालथी घातली. एकाही भांड्याचा आवाज झाला नाही. मग हात पदराला पुसत, अंग चोरून, ती त्याच्या शेजारून बाहेर गेली.