विकत घ्यायच्या घरचं मीठ

“दार हाय का खुराड्याचं तोंड?” म्हणत मी वाकून आत शिरले. मागनं येणाऱ्या वासूचं कपाळ चौकटीला ठाणकन आपटलं.

“वाकून येणाऱ्याला काय हुत न्हाई, बाये,” चुलीपाशी बसलेली बायजाक्का म्हणाली. “ताठ येणाऱ्यालाच लागतंय.”

हे तिनं वासूला ऐकवलं की मला, ते मी विचारलं नाही. पण म्हातारीला जीभ आहे एवढं मात्र उंबऱ्यातच कळलं.

सुप्याच्या वरच्या आळीतलं ते घर. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं परसू आणि आड. गाडीवान नागूची ही बायको. नागू जाऊन बरीच वर्षं झाली, पोटी मूल नाही. आता खानापूरला भाच्याकडे जायचं म्हणून तिनं घर विकायला काढलं होतं. वासू आमच्या दोघींमधला मध्यस्थ. आणि मी तुळजा, अणशीकडच्या डोंगरातून बैलगाडीनं आलेली, खिळखिळ्या झालेल्या हाडांनिशी.

माझा थोरला शंकर गाडीतच होता. उतर, घर बघ, म्हटलं तर पाठ फिरवून बसला. “तूच बघ, आये. मला काय, कुठंबी नेऊन टाक.”

शंकर करवत्या. ओंडक्यावर उभं राहून दोघांची लांब करवत वरच्या अंगानं ओढायचा, तेव्हा त्याची पाठ बघून लोक म्हणायचे, तुळजानं पोरगा नाही, मत्तीचं झाड वाढवलंय. इंग्रजांची जर्मनाशी लढाई जुंपली आणि लाकडाच्या मागणीला उधाण आलं. घाईघाईनं रचलेली ओंडक्यांची रास घसरली, डावा पाय गुडघ्याखाली चेंगरला. जीव राहिला, पण पोरगा खाटेवरनं उठेना. आमचं घर उंचावर, खाचरांच्या बांधांवरनं चढायचं. तिथं एका पायाचा माणूस जाणार कुठं? जेवण मी खाटेवर नेऊन देई, पाणी खाटेवर, तोंड धुवायचा तांब्यासुद्धा. तो भिंतीकडे तोंड करून खाई.

मग मीच ठरवलं. सुप्याला लाकडाच्या वखारी, रानातले सगळे करवत्ये इथनंच येणार-जाणार. करवतीला धार लावून देणारा कुणी रस्त्याकडेला बसला तर त्याला कुणापुढं हात पसरावा लागणार नाही. म्हणून मला घर हवं होतं, आणि तेही सपाटीवरचं.

पण हवं आहे असं दाखवायचं नसतं. घेणाऱ्यानं कौतुक केलं की घर महाग होतं. मी खांबावर उलट्या बोटांनी ठोकलं. वाळवीनं खाल्लेलं लाकूड पोकळ बोलतं, हे भरीव बोललं. म्हणून मी नाक मुरडलं.

“आंब्याचा दिसतोय.”

“किंदळाचा हाय, वाळवी लागायची न्हाई,” बायजाक्का म्हणाली. “माझ्या मालकानं स्वतः वाहून आणलेला.”

“छपराचे नळे काळे पडल्यात.”

“मीबी काळी पडलीय. आत पाणी आलंय का बघ.”

वासू कपाळ चोळत हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की हसू त्याच्या मिशीतच राहिलं. “नदीला पूर आला की पाणी कुठवर येतंय रं?” मी विचारलं.

“ह्या आळीला?” वासूनं हात उडवला. “नदी तिकडं खाली, आपण हिकडं वर. चंद्र-सूर्य हायत तवर ह्या उंबऱ्याला पाणी लागायचं न्हाई, तुळजाबाई. लिहून घ्या.”

“लिहून घेऊन वाचणार कोण? तुझा आजा?”

बायजाक्का उठली, मडक्यावरचं झाकण काढलं. “लांबनं आलीस. वाईच पेज घे. लोणचं हाय.”

“पाणी दे. पेज नको.”

तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसली. तिला ठाऊक होतं. आमच्यात रीतच आहे, ज्या घराचा सौदा करायचा त्या घरचं पाणी चालतं, मीठ चालत नाही. एकदा मीठ पोटात गेलं की त्या घराला नावं ठेवता येत नाहीत, आणि नावं ठेवल्याशिवाय सौदा होत नाही. म्हणून मी कनवटीला माझं मीठ बांधून आणलं होतं, आणि पदरात तुरीची डाळ.

“चूल पेटवू दे मला,” मी म्हटलं. “तुझ्या आडाचं पाणी बघायचंय.”

हे मला माझ्या सासूनं शिकवलं. घर बघायला गेलात तर भिंती नंतर बघा, आधी त्या पाण्यात डाळ शिजवा. पाणी जड असलं तर डाळ दगडासारखी राहते, माणसाच्या पोटातही तशीच राहते. आणि चूल पेटवली की धूर कुठं जातो तेही कळतं.

बायजाक्कानं शेणी पुढं सरकवली, लाकडं दिली आणि मला चुलीपाशी एकटीला सोडून बाहेर गेली. मला बरंच वाटलं. धूर सरळ नळ्यांत चढला. मी डाळ उकळत ठेवली आणि वासूला घेऊन परसात गेले. आडात दगड टाकून खोली बघितली. मागच्या भिंतीवर चिंचोका मावेल अशी भेग होती, ती बोट घालून वासूला दाखवली. गोठ्याचा कूड कलला होता, तोही दाखवला. हा फणस म्हातारा, ती मोरी उलट्या उताराची. वासू म्हणाला, “तुळजाबाई, एवढं वंगाळ घर घेताय तरी कशाला?” मी म्हटलं, “तेच तर तिला विचारायचंय, विकताना लाज न्हाई वाटत?”

आत येऊन डाळ बघितली. पळीनं दाबल्याबरोबर लोण्यासारखी विरघळली. माझं मन तिथंच त्या घरात बसलं. पण चेहरा मी आंबटच ठेवला. सगळी नावं एका दमात ठेवायची आणि भाव खाली आणायचा, असं मनाशी जुळवत मी ओसरीवर आले.

ओसरीवर शंकर बसला होता.

मला आधी वाटलं दुसराच कोणी आहे. गाडी रस्त्याकडेला रिकामी. माझा दीर म्हादू बैल घेऊन नदीवर गेलेला, म्हणजे धरायलाही कोणी नव्हतं. काठी भिंतीला टेकलेली, धोतराला माती लागलेली, कोपर खरचटलेलं. आणि मांडीवर पेजेची वाटी, तीही पार पुसून खाल्लेली. शेजारी बायजाक्का पाय पसरून बसली होती.

“शंकर, तू खाली कसा उतरलास? पडला असतास म्हंजे?”

“पडलोच की,” तो म्हणाला. “मग उठलो.”

“तुला कुणी सांगितलं उतरायला?”

“ही म्हातारी म्हणाली, पेज ठेवलीय ओसरीवर, मला काय पायरी उतरून गाडीपतूर यायला हुत न्हाई. भूक असली तर तूच ये.” वाटीकडे बघून तो पुढं म्हणाला, “भूक लागली हुती, आये.”

मी बायजाक्काकडे वळले. तीच म्हातारी मघाशी घागर कमरेवर घेऊन परसातनं आली होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

“पेजेत मीठ घातलंस?”

“आता बिनमिठाची पेज कोण देतंय गं लेकराला?” तिनं डोळे इतके मोठे केले की वासू तोंडावर उपरणं धरून खाली रस्त्यावर उतरला.

मी माझं तोंड सांभाळलं आणि पोराचं विसरले. त्यानं खाल्लं म्हणजे मीच खाल्लं. भेग, कूड, मोरी, फणस, सगळं जिभेच्या टोकावर आलेलं तसंच मागं गिळलं. रागानं कानशिलं तापली होती. एवढ्यात शंकरनं हात पुढं करून बोटं उन्हात उलटसुलट केली.

“हितं उजेड बरा पडतोय,” तो म्हणाला. “करवतीचा दात न् दात दिसंल.”

खाट धरल्यापासून त्यानं कामाबद्दल स्वतःहून काढलेला हा पहिला शब्द. मी पदरानं कपाळ पुसलं, कपाळाबरोबर डोळेही पुसून घेतले.

“तू सांगितलास तोच भाव,” मी बायजाक्काला म्हटलं. “वासू, वर ये. खिदळून झालं असलं तर.”

सुपारी फोडली, सौदा झाला. मला वाटलं, आता म्हातारी मिरवेल. तिनं माझं मनगट धरलं आणि मला परत आत नेलं.

“मोरीच्या वरचा नळा आखाडात गळतोय, खाली घमेलं ठेव,” ती म्हणाली. “मागल्या भिंतीला भेग हाय, तू बघितलीस. पर कोपऱ्यातला ओलावा तुला दिसला न्हाई, तिथं भात साठवू नको. परसात धामण येती. मारू नको, ती उंदरं खाती. फणसाचं गरं पिळपिळीत. पर भाजीला चांगला.”

सौदा होईपर्यंत एकही खोट कबूल न करणारी बाई आता एकेक खोट माझ्या हातात देत होती. लेकीला सासरी पाठवताना आई सांगते ना, हिला कारलं आवडत नाही, झोपेत ही बडबडते, रागावलात तर जेवत नाही, तशी. मी नुसतं व्हय, व्हय म्हणत राहिले. माझ्या घरच्यांना हे सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

शेवटी ती पुढच्या दारापाशी आली. शंकर ओसरीवर वासूला कोणत्या लाकडाला कसला दात लागतो ते सांगत होता.

“हे दार खाली घासतंय,” ती म्हणाली. “ओढून लावू नको. कडीपाशी धरायचं, वाईच उचलायचं, मग सोडायचं. असं.”

तिनं दार उचलून लावलं. आवाज झाला नाही. मग उघडलं आणि तसंच सावकाश पुन्हा लावलं.

मला पहिल्याच वेळी कळलं होतं. तिनं तिसऱ्यांदा कडीला हात घातला, तेव्हा जरा मागं सरून मी तिला जागा दिली.