होडीतला उजेड

गुणाजी तांडेल एकदाच बोलला, पण कुऱ्हाड पुढ्यात ठेवून बोलला. "मृग लागायच्या आत होडी धड झाली तर झाली, वयनी. मी सोता आत बसून बघनार. फटीतनं उजेड दिसला, की पावसाळ्याचं सरपन."

होडी शेवंतीच्या नवऱ्याची. तो तापानं गेला तेव्हापासून वरळीच्या किनाऱ्यावर पालथी पडली होती. अर्धा वाटा धाकट्या दिराचा, म्हणजे गुणाजीचा. होडी गेली तर नवरा दुसऱ्यांदा जाईल, असं शेवंतीला वाटे. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होतं? फळ्या सांधायला हात लागतात.

हात आले बीडीडी चाळीतून. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर लाठ्या चालल्या, तेव्हा कुशाबा आणि त्याचे गिरणीतले सोबती वाट फुटेल तिकडं पळत कोळीवाड्यात शिरले होते. शेवंतीनं त्यांना पालथ्या होडीखाली सरकवलं आणि स्वतः वर बसून जाळं सांधू लागली. पोलिसांनी विचारलं, तर म्हणाली, "मानसं? हितं बोंबील हायती. नेता का?" पोलीस नाक दाबून गेले. आत घामाघूम झालेल्या कुशाबाला मात्र होडीच्या पोटात जागोजाग ऊन दिसत होतं.

मग दर रविवारी ही मंडळी होडी सांधायला येऊ लागली. कामाची रीतही त्या दिवसातूनच निघाली. भर उन्हात एकानं आत शिरायचं, उजेड दिसेल तिथं आतून टकटक करायची, आणि बाहेरच्यांनी तेल-राळेत भिजवलेला कापूस त्या फटीत ठोकून बसवायचा. सुतात जन्म गेलेली माणसं, कापूस वळायला त्यांना कोण शिकवणार? पण पहिल्याच रविवारी जोर दाखवायच्या नादात त्यांनी एक फळी चिरली. शेवंतीनं अशी हजेरी घेतली, की पोलिसांच्या लाठ्या बऱ्या वाटल्या. जेवायला बोंबलाचं कालवण मात्र तिनं घातलंच.

मृगाच्या आधल्या रविवारी गुणाजी आला. कुऱ्हाड बाहेर ठेवून आत सरपटला. मग आतून त्याची हाक आली.

"वयनी, टोकाला उजेड हाय."

कुशाबानं कपाळावर हात मारला. "मावशी, त्यो कोपरा ऱ्हायलाच की वं!"

पदर खोचून शेवंती होडीवर चढली आणि पोलीस आले तेव्हा बसली होती तशीच मांडी घालून बसली. आता तोडायची तर तिच्यासकट.

"हातोडी द्या इकडं. नि कापूस," आतून गुणाजी ओरडला. "दादा बसायचा ती जागा हाय ही. मीच भरनार."

शेवंती खाली उतरली आणि कापसाचा बोळा तिनं आपल्या हातानं आत सरकवला.